‘बांताय’ सगळ्यांचा, पण वाक्य कुणाचं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये फिलिपिन्समध्ये प्रजासत्ताक कायदा क्रमांक १२०२७ लागू झाला आणि बालवर्गापासून तिसरीपर्यंत मातृभाषेतूनच शिकवण्याची सक्ती संपली. आता माध्यम पुन्हा राष्ट्रभाषा फिलिपिनो आणि इंग्रजी, आणि प्रादेशिक भाषा फक्त मदतीला. या कायद्यावरचा वाद ज्या पद्धतीने घातला जातो आहे ती पद्धतच मुळात चुकीची आहे. कायद्याच्या बाजूने एक युक्तिवाद सतत येतो: आमच्या भाषा सख्ख्या बहिणी आहेत, मुलाला फिलिपिनो परकी वाटायचं कारणच काय? पुरावा म्हणून शब्द काढून दाखवले जातात, आणि त्यात ‘बांताय’ हा लाडका. बांताय म्हणजे राखण, पहारा, आणि पहारा देणारासुद्धा. उत्तरेच्या इलोकोसमध्ये, मनिलात, पानायमध्ये, सेबूत, दावावमध्ये, कुठेही हा शब्द उच्चारला तरी समजतो. विरोधक याला उत्तर देतात ते असं की फिलिपिनो म्हणजे वेष पालटलेली तागालोग, मनिलाकडची भाषा, तेव्हा असले शब्द दाखवून आम्हाला गुंडाळू नका.

दोन्ही बाजू एकाच जागी घसरतात. शब्द सारखा असणं हा नात्याचा पुरावा आहे. ऐकलेलं समजण्याचा नाही. सहा वर्षांचं मूल शब्दकोश ऐकत नाही, वाक्यं ऐकतं. म्हणून पहिलीचं माध्यम ठरवताना ‘बांताय’ साक्षीला बोलावणं गैर आहे, आणि त्या शब्दावर मनिलाची मालकी आहे असं समजून तो झिडकारणंही तितकंच गैर.

आधी नातं खरं किती ते पाहू, कारण ते खरंच आहे आणि मोठं आहे. तागालोगमध्ये माग्बांताय म्हणजे पहारा करणे, बांतायान म्हणजे एखाद्या गोष्टीवर लक्ष ठेवणे, तागाबांताय म्हणजे राखणदार. सेबुआनोतही माग्बांताय आणि बांतायान आहेतच, राखणदार तेवढा तिग्बांताय होतो. इलोकानोत क्रियापद आग्बांताय. धातू तोच, उपसर्ग-प्रत्ययांची चौकटही ओळखीची. किनाऱ्यावरच्या पाण्यात चोरट्या मासेमारीवर नजर ठेवणारे स्वयंसेवक बांताय दागात, म्हणजे समुद्राचे राखणदार. मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार घेणारी, १९९७ पासूनची हेल्पलाइन बांताय बाता. बाजारभावांवर सरकारी देखरेख ती बांताय प्रेस्यो. दारातल्या कुत्र्याला हाक मारायची तर नाव बांतायच, आपल्याकडचा मोत्या जसा. आणि ज्याच्या हाती राखण दिली तोच लुटायला लागला तर त्याला म्हणतात बांताय-सालाकाय. आपण कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतो ना, अगदी तेच. स्पॅनिश राजवटीतून आलेला ग्वार्दिया आणि इंग्रजी ‘सिक्युरिटी’ला कापून केलेला सिक्यू हे दोघं बँकेच्या दारात उभे असतात, पण लोकांनी लोकांसाठी ठेवलेल्या राखणीला नाव द्यायचं झालं की हात बांतायकडेच जातो. इतका पसरलेला, इतका जिवंत शब्द जवळचा वाटणारच. सेबूचं मूल इंग्रजीपेक्षा फिलिपिनो लवकर शिकतं, हेही निर्विवाद.

पण लवकर शिकणं आणि आधीपासून येत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘घराची राखण कोण करतंय?’ हे साधं वाक्य घ्या. तागालोग: सीनो आंग नाग्बाबांताय सा बाहाय? पानायची हिलिगायनोन: सिन-ओ आंग नागाबांताय सा बालाय? सेबुआनो: किन्सा आंग नाग्बांताय सा बालाय? इलोकानो: सियासिनो ती आग्बानबांताय इती बालाय? लांबून चारही एका घरातली वाटतात. जवळ जाऊन क्रियापद पाहा. तागालोगमध्ये क्रिया चालू आहे हे दाखवायला धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं: नाग्-बा-बांताय. ते दुप्पट केलं नाही आणि नुसतं नाग्बांताय म्हटलं, तर अर्थ ‘राखण केली’, काम संपलं. सेबुआनोत मात्र हेच नाग्बांताय ‘राखण करतो आहे’ या अर्थाने रोज वापरलं जातं. इलोकानो बाबांताय करत नाही, बानबांताय करते. तिथे दुप्पट होतो तो तुकडा मोठा. म्हणजे सेबूच्या मुलाला आणि मनिलाच्या पुस्तकाला एकच रूप दिसतं, आणि एकाच्या मते पहारेकरी दारात उभा आहे तर दुसऱ्याच्या मते तो घरी गेला. अनोळखी शब्द असता तर मुलाने निदान हात वर करून विचारलं असतं. ओळखीचा आहे म्हणून ते विचारत नाही, चूक वाचून पुढे जातं, आणि शिक्षकाला वाटतं पोराला गोष्टच कळली नाही. भगिनीभाषांमधली पक्की अडचण ही आहे, आणि ‘शब्द तर सारखेच आहेत’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ती कधी येत नाही.

दुसरी गंमत जोडशब्दांत. बांताय दागातपर्यंत ठीक चालतं, कारण दागात म्हणजे समुद्र हे तागालोग आणि सेबुआनो दोघींना मान्य. पुढे पर्यावरण खात्याचे जंगलराखे येतात: बांताय गुबात. तागालोगमध्ये गुबात म्हणजे जंगल. सेबुआनोत गुबात म्हणजे युद्ध! जंगलाला तिथे लासांग म्हणतात. दावाव शहराने पाणलोटाच्या डोंगरांवर नेमलेले स्वयंसेवक आहेत बांताय बुकिद. सेबुआनो बोलणाऱ्या दावावमध्ये बुकिद म्हणजे डोंगर, त्यामुळे नाव चपखल. मनिलाच्या माणसाला बुकिद म्हणजे शेत, त्याला वाटणार की हे पिकाचे राखणदार. आणि इलोकानो माणूस? त्याच्या भाषेत बांताय याच अक्षरांचा दुसरा अर्थ आहे डोंगर. डोंगररांगेला तो काबांबांतायान म्हणतो. विगानच्या शेजारच्या बांताय गावात टेकाडावर जुनं घंटाघर आहे, ते पूर्वी टेहळणीलाही वापरलं जाई. म्हणजे गावाचं नाव डोंगरावरून पडलं की पहाऱ्यावरून, यावर दोन्ही बाजूंनी छान भांडता येईल. शब्द एकटा उभा असतो तोवर सगळ्यांचा. शेजारी दुसरा शब्द आला की प्रत्येक भाषा त्याला आपल्या घरात ओढते. पहिलीच्या पुस्तकात तर असे सापळे पावलोपावली: लांगाम हा शब्द तागालोग मुलाला मुंगी दाखवतो, सेबुआनो मुलाला पक्षी.

मग हा शब्द इतका एकसारखा राहिला कसा? भाषाशास्त्राने याला शंभर वर्षांपूर्वीच हत्यार दिलं आहे, आणि वादात ते कुणी उचलत नाही याचं नवल वाटतं. कार्लोस एव्हरेट कोनंट यांनी १९११ आणि १९१२ मध्ये फिलिपिन्सच्या भाषांतले दोन ध्वनिनियम मांडले. मूळ भाषेतला एक विशिष्ट ‘र’ तागालोगमध्ये ग होतो, इलोकानोत र, पांगासिनानमध्ये ल, कापाम्पांगानमध्ये य. म्हणून ‘शीर’ या अर्थाचा एकच जुना शब्द उगात, उरात, उलात, उयात असा चार तोंडांनी बोलतो. दुसरा नियम एका अस्फुट स्वराचा: सहा या संख्येला तागालोग आनिम, सेबुआनो उनोम, इलोकानो इन्नेम, कापाम्पांगान आनाम. खरे वारसदार असे असतात, नाक बापाचं आणि डोळे आजीचे. आता बांतायचे ध्वनी पाहा: ब, आ, न, त, आ, य. यात ना तो र आहे, ना तो अस्फुट स्वर. ज्या ध्वनींवर या भाषांनी सहसा हात टाकला नाही तेवढेच यात जमले आहेत, त्यामुळे वारशाने आला तरी तो असाच दिसणार आणि शेजाऱ्याकडून उसना घेतला तरी असाच. चाचणीला एकच खिडकी उरते, शेवटचं ‘आय’. कापाम्पांगानमध्ये ते ‘ए’ होतं. इतरांचं बालाय तिथे बाले. म्हणजे शब्द जुन्या वारशाचा असेल तर कापाम्पांगानमध्ये बांते हे रूप हवं, आणि बांताय जसाच्या तसा आढळला तर तो तागालोग शेजाऱ्याकडून आलेला समजायचा. मुद्दा असा की, सगळीकडे हुबेहूब सारखा दिसणारा शब्द हा एकतेचा सर्वात कमजोर पुरावा ठरतो. उगात-उरात-उयात जास्त खोल नातं सांगतात, आणि नेमके तेच शब्द मुलाला आपले आपण कळत नाहीत.

नकाशाचा दक्षिण भाग तर या युक्तिवादात धरलाच जात नाही. बांतायानचं बेट सेबूच्या वायव्येला आहे. नाव टेहळणीच्या जागांशी जोडलेलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेच्या सुलू आणि मिंदानावकडून माणसं पळवून नेणाऱ्या धाडी बिसायाच्या, म्हणजे सेबू-पानायसारख्या मधल्या बेटांच्या, किनाऱ्यांवर येत. गुलाम म्हणून विकायला गावंच्या गावं उचलली जात. दक्षिण सेबूत बोल्होऊनचे धर्मगुरू हुलियान बेर्मेखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्याकिनाऱ्याने बुरुजांची साखळी उभारली, एका बुरुजाला दिसलं की निशाणाने पुढच्याला कळवायचं. स्पॅनिशांनी १८४८ मध्ये वाफेची जहाजं नेऊन धाडी घालणाऱ्यांचे सुलूतल्या बालांगिंगीचे किल्ले घेतले तेव्हा धाडींचा जोर ओसरला. म्हणजे ‘बांताय’ हा शब्द बिसायाच्या किनाऱ्यावर ज्यांच्या भीतीने रोजच्या तोंडी होता, त्या सुलूच्या बाजूला राखणीसाठी वेगळाच शब्द नांदत होता: जागा. हा मलाय शब्द, आणि मलायमध्ये तो आला संस्कृत ‘जागर’वरून. मराठी वाचकाला तो ऐकताच आपला गावगाड्यातला जागल्या आठवेल. नातं खरंच आहे. फिलिपिन्सच्या राष्ट्रभाषेला मात्र हे नातं बरीच वर्षं लिहिताच येत नव्हतं. १९४० च्या सुमाराला लोपे के. सांतोस यांच्या व्याकरणासोबत शाळांत आलेली ‘आबाकादा’ वर्णमाला २० अक्षरांची, त्यात ज नव्हता. फ, व (इंग्रजी V), झ नव्हते, त्यामुळे उत्तरेच्या इबानाग लोकांना आपली भाषा त्या अक्षरांत बसवता येईना. १९८७ मध्ये वर्णमाला २८ अक्षरांची झाली तेव्हा हे दरवाजे उघडले. तोवर जवळपास अर्धं शतक ‘सगळ्यांच्या’ भाषेत सगळे मावतच नव्हते.

इथे फिलिपिनोचे विरोधक खूश होतील. त्यांच्याही पदरात काही घालायला हवं आणि काही काढूनही घ्यायला हवं. त्यांची तक्रार पोकळ नाही. ३० डिसेंबर १९३७ ला राष्ट्राध्यक्ष केसोन यांनी तागालोगला राष्ट्रभाषेचा पाया ठरवलं, तेव्हा सेबुआनो मातृभाषकांची संख्या तिच्या तोडीची होती, आणि पुढे कित्येक दशकं ती जास्त राहिली. १९५९ मध्ये नाव बदलून पिलिपिनो, १९८७ च्या राज्यघटनेत फिलिपिनो; प चा फ झाला, घरमालक तोच राहिला, असं सेबूत म्हटलं गेलं तर आश्चर्य नाही. शेजारच्या इंडोनेशियाने १९२८ च्या तरुणांच्या शपथेत उलट वाट धरली. बहुसंख्यांची जावानीज बाजूला ठेवून थोड्यांची मातृभाषा असलेली, पण बंदरांतून सगळ्यांची कामचलाऊ झालेली मलाय निवडली. म्हणून तिथे ‘कुणाची भाषा लादली’ हा प्रश्न इतका तापला नाही. हे सगळं मान्य. पण राष्ट्रभाषेचा पाया सुचवणाऱ्या संस्थेचे पहिले प्रमुख हाइमे दे वेयरा हे स्वतः बिसायाचे होते, ही गोष्ट कारस्थानाच्या कथेत बसत नाही. फिलिपिनो पसरली ती हुकमापेक्षा सिनेमा, रेडिओ आणि टीव्हीने. घटनेतल्या कलमाचे शब्दही स्पष्ट आहेत: ही भाषा देशातल्या आणि इतर भाषांच्या आधारे समृद्ध होत जायची आहे. न्यायासाठीचा कातारुंगान हा शब्द बिसायाच्या ‘तारोंग’, म्हणजे सरळ, यावरून आला. वर्चस्वाच्या चर्चेत प्राध्यापक मंडळी बिसायाचा गाहुम, म्हणजे सत्ता, हा शब्द वापरतात. मग ‘बांताय’ तागालोगने आमच्यावर लादला, असं सेबुआनो माणसाने म्हणण्यात काय अर्थ? तो त्याच्या आजीच्या तोंडीही होता. स्वतःच्याच घरातली वस्तू शेजाऱ्याच्या नावावर लिहून मग तिच्यावर रुसायचं, यातून नुकसान स्वतःचंच.

आता कायद्याच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा. मातृभाषेचा प्रयोग राबवला वाईट. २०१२ मध्ये तो देशभर सुरू झाला तेव्हा १२ भाषा होत्या, नंतर ७ वाढल्या, एकूण १९. देशात मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे १३० ते १८० भाषा. म्हणजे कित्येक मुलांना ‘मातृभाषा’ म्हणून शेजारच्या मोठ्या भाषेतलं पुस्तक मिळालं. शहरांत एका वर्गात तीन-चार घरभाषांची मुलं. शिक्षक एका भाषेचा, बदली दुसऱ्या भाषेच्या गावात. गणिताच्या संज्ञा कुणी जुन्या शब्दांतून घडवल्या, त्या ना मुलाला कळल्या ना पालकाला. बाजारात स्पॅनिश आकडे वापरणाऱ्या आईला ‘आपल्याच’ भाषेतला आकडा ऐकून डोकं खाजवावं लागलं. हे सगळं झालं. पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? पुस्तकं नव्हती म्हणून पुस्तकं करा, की पुस्तकं नव्हती म्हणून भाषा सोडा? जिथे नीट केलं तिथलं उदाहरण जुनं आहे. १९४८ ते १९५४ या काळात इलोइलोत शिक्षणाधिकारी होसे आगिलार यांच्या देखरेखीखाली पहिल्या दोन इयत्ता हिलिगायनोनमधून शिकवून पाहिल्या. ती मुलं वाचन आणि अंकगणितात इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे होती, आणि तिसरीत इंग्रजीत आल्यावर थोड्याच काळात तिथली तूटही त्यांनी भरून काढली. याच अनुभवावर १९५७ मध्ये पहिली-दुसरी स्थानिक भाषेतून घेण्याचं धोरण आलं. ते १९७४ च्या द्वैभाषिक धोरणाने, म्हणजे काही विषय राष्ट्रभाषेत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत या वाटणीने, बाजूला सारलं.

‘निकाल बघा’ असंही सांगितलं जातं. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत २०१८ साली वाचनात फिलिपिन्स ७९ देशांत शेवटचा, ३४० गुण. आकडा खरा, दोष चुकीच्या माणसाच्या माथी. त्या वर्षी पंधरा वर्षांची असलेली मुलं पहिलीत गेली साधारण २००८-०९ मध्ये, देशभरातल्या मातृभाषा धोरणाच्या आधी. ती १९७४ च्या वाटणीची फळं. २०२२ ची मुलं साधारण २०१२ च्या पहिलीची. त्यांचे वाचनाचे गुण ३४७. ही सुधारणा म्हणून मिरवण्याजोगी नाही, पण घसरण तर नाहीच. आणि परीक्षा होती इंग्रजीत, हे निकाल सांगताना कुणी सहसा सांगत नाही.

हा ‘सारख्या शब्दांचा’ युक्तिवाद आपल्याला अनोळखी आहे असं नाही. कोकणी ही मराठीची बोली, हे सिद्ध करायला गोव्यात किती वर्षं शब्दांच्या याद्या फिरल्या! साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला, १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत गेली, तरी याद्या थांबल्या नाहीत. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद झाला तेव्हा मराठी माणसाने लगेच दुसरी बाजू घेतली. लिपी एक, निम्मे शब्द एक, मग अडचण काय, हे ऐकून तो चिडला. शब्दांची यादी कुणाच्या हातात आहे त्यावर ती पुरावा ठरते की अपमान, हे ठरतं. हिंदीत संसार म्हणजे जग आणि आपल्याकडे चूल-बोळकी. लांगामची मुंगी आणि पक्षी यांहून हे वेगळं नाही.

आता नव्या कायद्यातली सवलत. वर्गातली सगळी मुलं एकच मातृभाषा बोलणारी असतील तर ती माध्यम म्हणून ठेवता येईल, पण अटींवर: भाषा आयोगाने प्रसिद्ध केलेलं अधिकृत लेखन हवं, नोंदवलेला शब्दसंग्रह हवा, साहित्य हवं, व्याकरणाचं पुस्तक हवं, आणि ती भाषा बोलणारे प्रशिक्षित शिक्षक हवेत. कागदावर वाजवी. पण या अटी कोण पुऱ्या करतं ते पाहा. तागालोगचा पहिला छापील कोश १६१३ चा, बिसायाचा १६३७ चा. मोठ्या भाषांकडे धर्मगुरूंनी केलेली शतकांची सामग्री तयार आहे. त्या बोलणारी मुलं फिलिपिनोत थोडं अडखळली तरी ती कानावर पडत असतेच. आग्तांसारख्या डोंगरातल्या छोट्या समूहांच्या भाषांकडे ना पुरेशी पुस्तकं, ना प्रशिक्षित शिक्षक. त्यांची मुलं फिलिपिनोपासून सर्वात लांब, आणि सवलतीपासूनही. आयोगाने छोट्या भाषांचं लेखन आणि कोश आधी करायचे, त्यासाठी पैसा आणि मुदत कायद्यातच बांधायची, आणि तोवर त्या वर्गांना अटींशिवाय मातृभाषेत शिकू द्यायचं, असा क्रम हवा होता. कायद्याने तो उलटा लावला: आधी कागद आणा, मग मूल आपल्या भाषेत बोलेल.